तुम्ही विचारलंत म्हणून: शहाणपण वयानं येतं का?

नागपुरात ज्युनिअर कॉलेजात २६ वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नात, बसमध्ये, भाजी घेताना कुठेही गाठतो. परवा बर्डीवर एक जुनी विद्यार्थिनी भेटली, तिचंही तेच, "मॅडम, शहाणपण म्हणजे काय असते जी? वयानं येते का वाचून येते?" मी घाईत होते, तिला नीट सांगताच आलं नाही, ते मनात राहिलं म्हणून लिहितेय.

पुस्तकात उत्तरं भरपूर आहेत. ॲरिस्टॉटल दोन वेगळे शब्द वापरतो, सोफिया म्हणजे मूळ तत्त्वांचं ज्ञान आणि फ्रोनेसिस म्हणजे या घडीला, या माणसाशी कसं वागावं ते कळणं, आणि तो म्हणतो की तरुण पोरं भूमितीत तरबेज होतील पण हे दुसरं त्यांना लगेच जमत नाही, त्याला अनुभव लागतो. रामदासांना मूर्खाची लक्षणं सांगून पुरलं नाही, दासबोधात पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहावा लागला. बौद्ध परंपरेत प्रज्ञा तीन तऱ्हेची, ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि साधनेनं आत मुरलेली.

या मुरण्यावरून मला नेहमी दीक्षाभूमी आठवते. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, इथे. मधे २१ वर्षं! इतका अपमान सोसलेला माणूस, मागे इतके लोक उभे, तरी घाई नाही, वाचतायत, धर्म तपासून बघतायत, कारण निर्णय एकट्याचा नव्हता, लाखो घरांचा होता. वर्गात प्रज्ञा शब्द आला की मी दुसरं उदाहरण शोधतच नाही.

आता माझा विषय. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस आणि सहकारी लोकांना विचारायचे, १५ वर्षांच्या मुलीला लगेच लग्न करायचंय, काय काय विचार कराल? "छे, अजिबात नाही" म्हणून मोकळं होणाऱ्याला कमी गुण. ती एकटी आहे का, आजारी आहे का, तिच्या समाजात काय रीत आहे हे ज्याच्या मनात येतं त्याला जास्त. आणि मोठ्या माणसांत नुसतं वय वाढलं म्हणून गुण वाढले असं दिसलं नाही. पुढे २०१४ मध्ये इगोर ग्रॉसमन आणि इथन क्रॉस यांनी दाखवलं की जोडीदारानं फसवलं हा प्रसंग मित्राचा म्हणून दिला तर माणसं समंजस विचार करतात आणि स्वतःचा म्हणून दिला की तेवढा करत नाहीत, साठीच्या पुढची माणसंसुद्धा. त्याला त्यांनी बायबलमधल्या सॉलोमन राजाचं नाव दिलं, दुसऱ्यांना शहाणा सल्ला देणारा पण स्वतःच्या आयुष्यात चुकलेला म्हणून. आपल्याकडे म्हणच आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे मला पाठ होतं, तरी आई गेल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या घरावरून मी आणि धाकटा भाऊ तीन वर्षं बोललो नाही. त्याच तीन वर्षांत मी कितीतरी जणांची भावाबहिणींची भांडणं मिटवली, मनापासून.

त्याच अभ्यासात होतं की स्वतःकडे तिऱ्हाइतासारखं पाहिलं तर हा फरक जातो. एका रात्री वहीत "मी" न लिहिता "ती" लिहिलं. तिची आई दोन वर्षं अंथरुणाला होती. ती रविवारी यायची, फळं आणायची, औषधांची चौकशी करायची. रात्री उठून कूस कोण बदलायचं? तिचा भाऊ. ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही, पण माझ्या तोंडून ती कुणापुढे एकदाही निघाली नव्हती, आणि लिहिताना हात थांबला माझा, खूप वेळ.

तर पोरी, वयानं आपोआप नाही येत, आणि वाचून मला तरी नाही आलं. दुसऱ्याच्या भांडणात आपण दोन्ही बाजू ऐकतो ना, तेवढंच स्वतःच्या भांडणात ऐकता येणं, मला शहाणपण म्हणजे एवढंच कळलंय.

सकाळी भावाला फोन केला. "बोल ना ताई" म्हणाला, मग दोघंही गप्प. घराचं अजून ठरलेलं नाही, त्याला ठेवायचंय, मला विकायचंय. रविवारी जातेय त्याच्याकडे.