पदकाच्या कडेवरचे नाव

आमच्या गावच्या घरातील देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी पितळी रंगाचे एक गोल पदक वर्षानुवर्षे ठेवलेले आहे. त्यावर पंख पसरून उभी असलेली एक स्त्री आहे आणि मागच्या बाजूस इंग्रजी अक्षरे आहेत. लहानपणी आम्हा भावंडांना ती कोणी देवीच वाटत असे, आणि इतर देवांबरोबर तिलाही हळदकुंकू लागत असे. मोठ्या माणसांकडून एवढेच ऐकले होते, की हा पणजोबांचा बिल्ला आहे, ते बसऱ्याच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, लढाईला गेले होते आणि त्यांनी एका जखमी गोऱ्या साहेबाला खांद्यावर घालून नदीपार नेले होते. साहेबाची गोष्ट मी आता खरी मानत नाही. सातारा जिल्ह्यात ज्या घरातील माणूस पहिल्या महायुद्धाला गेला, त्या घरात असा एखादा साहेब खांद्यावर बसलेला हमखास भेटतो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत देव उजळायला काढले, तेव्हा ते पदकही चिंचेने घासून लख्ख केले आणि प्रथमच त्याच्या कडेकडे लक्ष गेले. ब्रिटिशांच्या युद्धपदकांच्या कडेवर ते पदक ज्याला मिळाले त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. भिंगातून पाहिले. क्रमांकाचे पहिले दोन आकडे घासून गेले होते. पुढे 'सिपॉय' हा हुद्दा, मग नाव, मग इंग्रज कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले आमचे आडनाव, आणि शेवटी '११० मराठाज'. आडनाव आमचे होते, नाव मात्र पणजोबांचे नव्हते. आमच्या घरात त्या नावाचा कोणी माणूस होऊन गेल्याचे कोणाच्याही ऐकिवात नव्हते. वडिलांचे मत असे पडले, की कारकुनाने नाव चुकवले असेल. मलाही काही दिवस तेच सोयीचे वाटले.

पणजोबांच्या नावाने शोध घेतला तेव्हा हाती काहीच लागले नाही, आणि त्याचे कारण कळायला मला बराच वेळ लागला. पंजाबातील माणसाचे या बाबतीत नशीब चांगले आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिलेल्या नोंदवह्यांमधून सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार माहिती २०२१ साली लोकांसाठी खुली झाली. मुंबई इलाख्यातील शिपायासाठी असे काही माझ्या हाती आले नाही. त्याच्यासाठी जी एक यादी घरबसल्या पाहता येते, ती राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची, आणि ती मेलेल्यांची यादी आहे. जो लढाईत, कैदेत किंवा इस्पितळात मेला, त्याचा क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख तिथे आहे. पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि तालुकाही आहे. जो धडधाकट परत आला, शेती केली आणि म्हातारपणी आपल्या ओसरीवर मेला, तो त्या यादीत असण्याचे कारणच नाही. पणजोबा जगले, म्हणून सापडत नव्हते.

एका रात्री सहज पदकावरचे नाव, जसे कोरले होते तशाच मोडक्या स्पेलिंगने, शोधाच्या चौकटीत घातले. नोंद निघाली. ११०वी मराठा लाइट इन्फंट्री, मृत्यू ऑगस्ट १९१६, बसरा स्मारक. खाली बापाचे नाव होते आणि ते माझ्या खापरपणजोबांचे होते. गावाचे नाव इंग्रजीत इतके वाकडे लिहिले होते, की मी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले, तेव्हा आपले गाव ओळखू आले. म्हणजे पणजोबांना एक सख्खा भाऊ होता.

ऑगस्ट १९१६ ही तारीख आणि ११० हा पलटणीचा आकडा एकत्र आले, की पुढचा बराचसा इतिहास आपोआप उलगडतो. ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. इराणमधील आबादानचा तेलाचा कारखाना सुरक्षित राहावा आणि आखाताच्या टोकावर आपली पकड बसावी, यासाठी हे सैन्य १९१४ च्या नोव्हेंबरात तुर्कांच्या ताब्यातील बसऱ्याला पोचले आणि पुढे यश मिळत गेले तसे तैग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या मोहात वर वर सरकत राहिले. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे ते अडले, माघारी फिरले आणि जनरल टाउनशेंडने त्यांना कूत-अल-अमारा या नदीच्या वळणात वसलेल्या गावात आणून थांबवले. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला, तो १४७ दिवस उठला नाही. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी आत होत्या. वेढा फोडायला आलेल्या सैन्यातील २३ हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली, तरी तो फुटला नाही.

वेढ्यातील उपासमारीविषयी मी जितके वाचले, त्यातील दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली घोड्याच्या मांसाची. जनावरे कापून खायची वेळ आली, तेव्हा गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे निरोप मागवून हे खाल्ल्याने पाप लागत नाही असे सांगून पाहिले, तरी गावी गेल्यावर पंगतीला कोण बसवून घेईल, हा प्रश्न त्या निरोपांनी सुटणारा नव्हता. पाच-पन्नास उंबऱ्यांच्या गावात वाढलेल्या माणसाचा तो प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही. मात्र त्याची किंमत त्यांनी हाडामांसाने दिली; मांस नाही, भाजी नाही, त्यामुळे हिंदी पलटणींत स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग पसरला, हिरड्या सुजून दात हलू लागले. एप्रिल उजाडेपर्यंत बहुतेकांनी हार मानली आणि ते मांस पोटात घातले. दुसरी गोष्ट जात्याची. आत धान्य थोडे का होईना होते, पण दळायची सोय अपुरी होती, म्हणून विमानातून जात्याची तळी खाली सोडण्यात आली. पुढे एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानांतून टाकली गेली, त्यांतली काही नदीत आणि काही तुर्कांकडे पडली. आकाशातून जाते उतरताना ज्याने पाहिले असेल, त्याला घरची पहाट आठवली नसेल असे मला वाटत नाही.

२९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण गेला. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी होती. सेनापतीला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. अधिकारी आणि शिपाई वेगळे केले गेले आणि शिपायांना, ज्यांना धड उभे राहवत नव्हते त्यांनासुद्धा, उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत नेले. कूत ते बगदाद पायी, तेथून समारापर्यंत रेल्वे, मग पुन्हा मोसूलमार्गे पायी, ते थेट रास-अल-ऐनपर्यंत. तिथे बर्लिन-बगदाद रेल्वेचे काम चालू होते आणि हिंदी कैद्यांना त्यावर जुंपले जाई. एप्रिलचा शेवट ते ऑगस्ट, म्हणजे आमच्या माणसाने चार महिने काढले.

इथवरचे घरबसल्या जमले. त्यापुढे तालुक्याच्या अभिलेख कक्षाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आधी कोतवाल बुक, म्हणजे गावाची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, पाहिली. पण तिच्यात गावात मेलेला माणूस असतो, परगावी मेलेला नसतो. मग सुचले, की माणूस कुठेही मरो, त्याच्या नावावर गुंठाभर जमीन असेल तर त्याच्या मरणाची दखल सरकारला घ्यावीच लागते. आपल्याकडे माणसाचे चरित्र फेरफाराच्या नोंदवहीत सापडते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. १९१९ सालचा वारसाचा फेरफार मिळाला, तो मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नसतात, आणि तलाठ्याला घाई असेल तर अक्षरे एकमेकांच्या अंगावर पडतात. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांना बरे दिवस आले आहेत, त्यामुळे साताऱ्यातील एका वाचकांकडे माझा कागद पाच आठवडे रांगेत होता. अखेर त्यांनी वाचून दिला. चार ओळींची नोंद: थोरला भाऊ 'लढाईत तुर्काचे कैदेत मयत', बायको आधीच मयत, मूलबाळ नाही, वारस धाकटा भाऊ, 'हाली नोकरी ११४ मराठे पलटण'.

शेवटच्या पाच शब्दांत पणजोबा सापडले. त्यांना शोधायला निघालो होतो आणि ते भावाच्या मृत्यूच्या नोंदीत, वारसाच्या रकान्यात उभे होते. ११४वी पलटणही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्येच होती आणि १९१८ च्या ऑक्टोबर अखेरीस मोसूलच्या दक्षिणेला शर्कात येथे झालेल्या तेथील शेवटच्या मोठ्या लढाईत ती होती. ज्या रस्त्याने भावाला कैदी म्हणून उत्तरेकडे नेले, त्याच तैग्रिसच्या काठाने दोन वर्षांनी धाकटा बंदूक घेऊन वर चढला. त्याला ते ठाऊक होते की नव्हते, हे मात्र कोणत्याही फेरफारात लिहीत नाहीत.

राहिला होता प्रश्न घरच्यांच्या विसरण्याचा. त्यासाठी चुलत आजींकडे गेलो. त्या नव्वदीला टेकल्या आहेत. १९५२ साली सून म्हणून या घरात आल्या, तेव्हा पणजोबा हयात होते. मी थोरल्याचे नाव उच्चारले, तशा त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"तुला कुनी सांगितलं रं हे नाव?"

मी पदक पुढे केले.

"मामंजी कवा बोललंच न्हाईत त्येवर. येकदा सासूबाईंनी सांगितल्यालं. थोरल्याची बायकू पलेगात गेली, मग ह्यो कुनाला न सांगता पलटनीत गेला. मेल्याचा सांगावा आला, पर अंगावरचं कापडबी न्हाई आलं. माती न्हाई, दहावं न्हाई. मग वीर बसीवला."

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी आणि जोतिबा यांच्याबरोबर घोडेस्वाराचा एक चांदीचा टाक आहे, हे मला जन्मापासून माहीत होते. वीराचा टाक अनेक घरांत असतो. तो कोणा जुन्या, शिवकाळात वगैरे पडलेल्या पूर्वजाचा असणार, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते. पहिल्या महायुद्धातील शिपायाला रुप्याचे एक आणि पितळी रंगाचे एक अशी पदके मिळत, आणि १९१५ संपायच्या आत रणांगणावर पोचलेल्याला ब्राँझचा ताराही मिळे. थोरल्याची पदके वारस म्हणून धाकट्याकडे आली, त्याची स्वतःची होतीच. त्यांतली रुप्याची दोन्ही, अडीच तोळ्यांच्या वर एकेक, त्याने सोनाराकडे नेली. पंखांच्या बाईचे पदक सोनाराने चांदी नाही म्हणून परत दिले, ते हे. त्याच्या स्वतःच्या पदकाचे आणि थोरल्याच्या ताऱ्याचे काय झाले, ते आजींना सांगता आले नाही.

घरी येऊन मी त्या रुप्याच्या पदकाचे चित्र शोधले. एका बाजूला पंचम जॉर्ज, आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला पुरुष.

बसऱ्याच्या स्मारकाविषयीही तेव्हाच वाचले. १९२९ साली ते उभारले गेले, १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर हलवले गेले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे, पण भिंतीवर नावे कोरली गेली ती गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या घातली. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीतही संगमरवराचा एक तुकडा आहे. या गावातून किती पुरुष महायुद्धास गेले आणि किती मयत झाले, हे दोन आकडे त्यावर आहेत. त्याच्याखाली आता मोटारसायकली लावतात.

गेल्या महिन्यात पुन्हा गावी गेलो, तेव्हा आजींना थोरल्याची नोंद कागदावर छापून नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद घडी करून देव्हाऱ्याच्या फळीखाली सरकवला, माझ्या हातातून पदक घेतले, पदराने पुसले आणि घोडेस्वाराच्या डाव्या अंगाला टेकवून ठेवले. मी ते सरळ मध्ये ठेवायला गेलो, तर म्हणाल्या, "हितंच ऱ्हाऊ दे. मामंजी असंच मांडायचं."