ओट्सचा चहा आणि पुण्याहून सोबत आलेली कमतरता

"दूध सोडलंस म्हणजे? पोट बिघडलंय का?" व्हिडिओ कॉलवर आईने आधी हे विचारलं. मग म्हणाली, "आणि चहा कसला पितेस?" हा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता.

मला बर्लिनला येऊन नऊ वर्षं झाली. मी कोथरूडमधल्या शाकाहारी घरातली, त्यामुळे व्हीगन होणं, म्हणजे जनावरापासून आलेलं काहीच न खाणं, माझ्यासाठी दुधाशी सुरू होऊन तुपाशी संपत होतं. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ऑफिसातल्या आम्ही चौघींनी महिनाभर व्हीगन राहायचं ठरवलं. (ब्रिटनमध्ये २०१४ साली निघालेलं हे 'व्हेगन्युअरी' इथे चांगलंच रुजलंय.) फेब्रुवारी उजाडला तेव्हा चौघींपैकी मी एकटीच उरले होते. त्यात तत्त्वापेक्षा आळस जास्त होता. घरात ओट्सच्या दुधाचे सहा डबे पडले होते, ते संपवायचे होते.

तर चहा. ओट्सचं दूध घालून चहा आपल्या पद्धतीने उकळू नये. ओट्समध्ये पिष्ट असतं. आलं ठेचून घालून पाच मिनिटं रटरटू दिलं की पातेल्यात चहाऐवजी खळ तयार होते. पाणी, आलं, चहा पावडर, साखर हे सगळं आधी दणकून उकळायचं आणि दूध अगदी शेवटी, गॅस बंद करताना घालायचं. एवढं कळायला मला तीन आठवडे लागले.

'दूध' हा शब्द मी आपला वापरतेय, डब्यावर तो छापता येत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला की दूध, लोणी, चीज ही नावं जनावरांच्या दुधापासून केलेल्या पदार्थांनाच लावायची. म्हणून डब्यावर 'हाफरड्रिंक', म्हणजे ओट्सचं पेय, असं लिहिलेलं असतं. नारळाच्या दुधाला मात्र सूट आहे. लेबरकेझ नावाच्या मांसाच्या वडीलाही सूट आहे, तिच्या नावात चीज आहे आणि आत चीजचा पत्ता नाही. करातही असाच भेद: गाईच्या दुधावर ७ टक्के, ओट्सच्या पेयावर १९. आपल्या जीएसटीवर हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण तिकडून मला सगळे विचारतात ते वेगळंच. "काय ग, जर्मनीत आता सगळेच व्हीगन झाले का?"

दुकानात गेलं तर तसं वाटतं खरं. २०११ मध्ये बर्लिनच्या प्रेन्झलाउअर बर्ग भागात 'वेगान्झ' हे निव्वळ व्हीगन सुपरमार्केट उघडलं, तेव्हा ती बातमी होती. मी आल्यावर थोड्याच दिवसांत, २०१७ मध्ये, त्यांचा दुकानांचा व्यवसाय दिवाळखोरीत गेला. मला वाटलं, संपली फॅशन. प्रत्यक्षात तोवर तोच माल कोपऱ्यावरच्या साध्या सुपरमार्केटात मिळू लागला होता, त्यासाठी ट्राम पकडून वेगळ्या दुकानात कोण जाणार? १८३४ पासून सॉसेज बनवणाऱ्या र्‍यूगेनवाल्डर म्यूलेचा बिनमांसाचा धंदा २०२१ मध्ये मांसाच्या पुढे गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिडल या सुपरमार्केट साखळीने आपल्या घरच्या ब्रँडच्या व्हीगन वस्तूंचे भाव मांस-दुधाच्या भावाला आणून ठेवले. बर्लिनच्या विद्यापीठांतल्या खानावळींत २०२१ च्या हिवाळी सत्रापासून ६८ टक्के पदार्थ व्हीगन आणि २८ टक्के शाकाहारी करायचं ठरलं. मांस-मासे उरलेल्या ४ टक्क्यांत.

आणि तरीही स्वतःला व्हीगन म्हणवणारे सरकारी पाहणीत २ टक्क्यांच्या आसपासच निघतात. माणशी वर्षाला ५० किलोंच्या वर मांस अजून खपतंच आहे. म्हणजे फळीवर व्हीगन झालंय, ताटात नाही. ते डबे आणि ती सॉसेजेस घेणारे बहुतेक लोक मंगळवारी व्हीगन आणि शनिवारी बार्बेक्यूला हजर, अशातले आहेत. मी त्यांना हसत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या ५५ हजार लोकांच्या आहाराचा हिशेब मांडला, त्यात भरपूर मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत व्हीगन आहारामागे हरितगृह वायू सुमारे ७५ टक्के कमी निघाले. या फरकातला काही भाग मंगळवारवाल्यांच्याही खात्यात जमा होतोच.

पृथ्वीला हे परवडतं, याबद्दल मला फारशी शंका नाही. शरीराचं काय, ते माझ्याच बाबतीत वेगळ्या वाटेने कळलं.

व्हीगन होऊन आठवा महिना असेल. तळपायांना मुंग्या येत होत्या, दुपारी डोळे मिटायचे. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, बी-१२ हे जीवनसत्त्व तळाला. मी अपराध्यासारखी म्हणाले, "मी व्हीगन आहे, आठ महिने झाले." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आठ महिन्यांत एवढं उतरत नाही. यकृतात काही वर्षांचा साठा असतो. त्याआधी काय खात होता?"

त्याआधी वरण-भात, पोळी-भाजी, आमटी आणि दिवसाला तीन चहा. घरात दूध होतं हो, पण माझ्या वाट्याला चहातलं दोन चमचे आणि जेवताना वाटीभर पातळ ताक. बी-१२ कुठल्याच भाजीत तयार होत नाही आणि गायही ते स्वतः बनवत नाही. तिच्या पोटातले जिवाणू ते बनवतात. आपल्यापर्यंत पोचायचं तर दूध, अंडी, मांस यांतून पुरेसं यावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, तेव्हा दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आढळलं, आणि शाकाहाऱ्यांत ही जोखीम कितीतरी जास्त होती. मी बर्लिनमध्ये जिचा दोष ओट्सच्या दुधाला देत होते, ती कमतरता व्हिसाच्या कागदांबरोबर पुण्याहूनच आली होती.

आता गोळी चालू आहे. व्हीगन राहायचं तर ती जन्माची, यात वाद नाही. इथे बी-१२ घातलेली टूथपेस्टसुद्धा मिळते, पण मी आपली गोळीवर विश्वास ठेवते. जर्मन पोषण संस्था २०१६ मध्ये गर्भवती, स्तनदा माता आणि मुलांसाठी हा आहार नकोच म्हणत होती. २०२४ मध्ये तिने भूमिका बदलली: निरोगी प्रौढाने बी-१२ ची गोळी घेऊन, नीट विचार करून खाल्लं तर चालेल, आणि गर्भवती नि मुलांबाबत पुरेशी माहिती नसल्याने ना होकार ना नकार. माझ्या बहिणीला दिवस गेले तेव्हा तिने विचारलं, तर मी सरळ सांगितलं, आत्ता नको, आणि तुझं बी-१२ मात्र आजच तपास.

हाडांचं प्रकरण मला जास्त घाबरवतं. ऑक्सफर्डच्या पाहणीतल्या ब्रिटनमधल्याच त्या लोकांचा १७-१८ वर्षं पाठपुरावा केला, तर व्हीगनांमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. कॅल्शियम आणि प्रथिनांची कमी हे त्यामागचं एक कारण, पण एकमेव नाही. आणि इथे एक गंमत आहे, जी मला दोन वर्षं कळली नाही. मी मोठ्या ऐटीत सेंद्रिय ओट्सचं पेय आणत होते. युरोपीय नियमानुसार सेंद्रिय पेयात वरून कॅल्शियम घालता येत नाही. शेजारच्या साध्या, स्वस्त डब्यात ते घातलेलं असतं! तेव्हापासून साधा डबा. शिवाय नाचणीची भाकरी, आणि झोनेनअली या रस्त्यावरच्या अरबी दुकानातून किलोकिलोने तीळ.

हे निभावणारं एकच माणूस मी इथे जवळून पाहिलंय, ते म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आजी. वय सत्तरीच्या पुढे, बारा वर्षं व्हीगन. त्यांच्या फ्रिजमध्ये व्हीगन सॉसेज नाही, चीजही नाही. मसूर, वाटाणे, कोबी, राय ब्रेड. त्या लाउझिट्सच्या, पोलंडच्या सीमेकडच्या. तिकडे उकडलेले बटाटे, क्वार्क नावाचं चक्क्यासारखं दही आणि वरून जवसाचं तेल, हे गरिबाघरचं रोजचं जेवण. क्वार्क आता सोयाचं, बाकी ताट तेच. जवसाचं तेल म्हटल्यावर मी खाली धावले आणि बरणीतली जवसाची चटणी घेऊन आले. त्यांनी बोट लावून चाखली आणि विचारलं, "यात लसूण आहे? मग आम्ही इतकी वर्षं काय खात होतो?"

माझीही गाडी खरी तिथूनच रुळावर आली. महागडं नकली पनीर बंद केलं. मटकीची उसळ, पिठलं, भरली वांगी, दाण्याची आमटी, शेंगदाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. यात व्हीगन करण्यासारखं काही नव्हतंच. साबुदाण्याची खिचडी तेलावर केली तर उपासाला चालते का, यावर आई अजून विचार करते आहे.

पुण्याला गेले की मी दही खाते. आईशी भांडून वाटीभर दही नाकारायची ताकद माझ्यात नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. बर्लिनमध्ये सोयाच्या दुधाचं लावते. पहिलं विरजण हिरव्या मिरचीच्या देठांचं, रात्रभर हीटरशेजारी. तिसऱ्या खेपेला धड लागलं. चव थोडी शेंगांची येते, कढीत कळत नाही.

गेल्या महिन्यात आईने शेवटी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. रोज दूध पिणाऱ्या आईचं बी-१२ माझ्या त्या वेळच्या आकड्यापेक्षाही खाली. आता रविवारचा फोन तिथूनच सुरू होतो.

"गोळी घेतलीस?"

"आधी तू सांग."