तीन दशांश स्थळांचे युनिट आणि तीन पैशांचा फरक

म्युच्युअल फंडाची एसआयपी साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवलेल्या हिशेबवहीत नोंदवताना पैशांचा फरक हमखास येतो. समजा, ५,००० रुपयांच्या हप्त्यातून ०.००५ टक्के मुद्रांक शुल्काचे २५ पैसे वजा झाले आणि उरलेल्या ४,९९९.७५ रुपयांना ८७.३४६२ रुपये एनएव्हीने (फंडाने जाहीर केलेल्या एका युनिटच्या किमतीने) ५७.२४१ युनिट मिळाले. युनिट तीनच दशांश स्थळांपर्यंत दिले जात असल्याने त्यांचा एनएव्हीशी गुणाकार ४,९९९.७८ रुपये येतो आणि नोंद जुळत नसल्याची तक्रार अशी वही तपासणारे बीनकाउंट हे सॉफ्टवेअर करते.

ताळा बसवण्यासाठी युनिटच्या शेवटच्या आकड्याला हात लावणे सर्वांत वाईट, कारण मग फंडाच्या खातेउताऱ्याशी शिल्लक कधीच जुळणार नाही. सोलापुरात चादरींच्या व्यापाऱ्यांची कीर्द-खतावणी सांभाळणारे मुनीम असे किरकोळ फरक कसर-वटाव खात्यात, म्हणजे सोडून दिलेल्या किरकोळ रकमांच्या खात्यात, टाकून मोकळे होतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. तिथे कोणीतरी खरोखरच रुपया-दोन रुपये सोडलेले असतात. एसआयपीत मात्र कोणीच काही सोडलेले नसते, त्यामुळे तीन पैशांसाठी वेगळे खाते उघडणे म्हणजे न झालेला व्यवहार वहीत आणणे होय.

बीनकाउंटमध्ये खरेदीदरावरून फरकाची मर्यादा सैल करण्याचा पर्याय आहे. युनिटच्या शेवटच्या स्थळाचा अर्धा भाग गुणिले दर, एवढा फरक तो चालवून घेतो. आपल्या उदाहरणात ही सूट चार पैशांच्या आसपास आहे. पण लिक्विड फंडाची एनएव्ही ४,००० रुपये असेल, तर तीच सूट दोन रुपयांवर जाते आणि टंकलेखनातली रुपयाची चूकही निमूटपणे खपून जाते. हा पर्याय मला म्हणूनच पटत नाही.

माझ्या मते मुद्रांक शुल्क वगळून बँकेतून गेलेली रक्कम आणि हाती आलेले युनिट एवढेच लिहावे व दर प्रोग्रामला काढू द्यावा. लेजर आणि एचलेजर या त्याच प्रकारच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी एकूण किमतीआधी @@ हे चिन्ह येते, तर बीनकाउंटमध्ये एकूण किंमत दुहेरी महिरपी कंसात लिहितात. दर ८७.३४५६च्या जवळ निघतो, आणि पूर्णांकनानंतर आपल्याला प्रत्यक्षात पडलेला दर तोच असतो. मुद्रांक शुल्क खर्चात वेगळे दाखवावे आणि जाहीर झालेली एनएव्ही त्या तारखेची बाजारकिंमत म्हणून स्वतंत्र ओळीत नोंदवावी. पुढे विक्री करताना हा लांबलचक दर पुन्हा लिहावा लागत नाही; बीनकाउंटला खरेदीची तारीख दिली, की त्या दिवसाचे युनिट ते स्वतः शोधते.