कोन्या कंपनीचे तुम्ही?

दिवाळी उरकली की आमच्या घरी तुळजापूर ठरलेलं. या वेळी मी ते चुकवलं आणि मित्राच्या नादी लागून बीडच्या बालाघाटावर गेलो. कशाला, तर थंडीसाठी उत्तरेकडून येणारे शिकारी पक्षी डोंगराच्या कडेवर बसून मोजायला. यावर बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या बाजूला निघालं की एका हाताला पठार आणि दुसऱ्या हाताला तुटलेली कड लागते. ही कड उत्तरेला, गोदावरीच्या खोऱ्याकडे तोंड करून आहे. पावसाळ्यातलं नैर्ऋत्येचं वारं सरून ईशान्येचं सुरू झालं की ते या कड्यावर आपटून वर चढतं. त्यात दहाच्या सुमाराला उघड्या खडकावरची हवा तापून वर निघते. गरुडं याच हवेच्या जिवावर प्रवास करतात. पंख न हलवता घिरट्या घेत चढायचं आणि वरून पुढच्या तापलेल्या हवेपर्यंत तिरपं घसरत जायचं. आपण मात्र त्याच तापलेल्या खडकावर बूड भाजत बसायचं. सावली नाही, मोज्यांत कुसळं घुसलेली, आणि मित्राने आणलेल्या भाकरीबरोबरचा ठेचा पाणी संपवणारा.

मोजायची रीत साधी असली तरी ती पाळायला संयम लागतो. घिरट्या घेणारा घोळका मोजायचा नाही, कारण तोच पक्षी चारदा मोजला जातो. घोळक्याच्या माथ्यावरून एकेक जण सुटून सरळ निघाला की क्लिकर दाबायचा. स्वच्छ निळं आभाळ या कामाला वैरी. मागे पांढरा ढग असला तरच ठिपका सापडतो. जॉर्जियात बातुमीला एका शरदात दहा लाखांवर शिकारी पक्षी मोजले जातात म्हणे. आमच्या क्लिकरवर अकरा वाजेपर्यंत नऊ होते, आणि त्यातला एक मित्राच्या मते डोमकावळा.

पण त्या नवांत एक भोवत्या होता. मॉन्टेग्यूज हॅरियर जातीचा नर. हे पक्षी कझाकस्तानकडच्या माळांवर घरटी करतात आणि हिवाळ्यात आपल्या माळांवर नाकतोडे खायला येतात. शिकारी पक्षी म्हटलं की मान मोडेपर्यंत वर बघायची सवय. हा आमच्या पायांखालून, दरीतून, कडेला लागून आला. राखाडी पाठ, पंखावर ओढलेली काळी पट्टी, दोन्ही पंख किंचित वर उचललेले. पाठीवरचं पीसन् पीस दिसत होतं. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तेवढ्यासाठी मी तो ठेचा परत खाईन.

आणि मग मामा आले. धोतर, डोक्याला टॉवेल, मागे चार शेळ्या.

"राम राम. कोन्या कंपनीचे तुम्ही?"

"कंपनीचे नाही मामा. पक्षी बघायलोत."

"मंग ह्ये तिकाटणं कशाला?"

तिकाटणं म्हणजे स्पॉटिंग स्कोपखालचा, लांबच्या दुर्बिणीखालचा, ट्रायपॉड. त्यांनी आधी तो बघितला आणि मग माझ्या मांडीवरची वही उचलली. वहीत रकाने आखलेले: वेळ, वाऱ्याची दिशा, जात, संख्या, शेरा. संशय यायला एवढं पुरे होतं. "सर्वेवाले बी पैले असंच म्हणले होते, नुसतं बघायला आलाव. सहा म्हैन्यात खांब हुबा." त्यांच्या बांधापलीकडे पवनचक्की उभी होती. वाऱ्याचा खरा हंगाम पावसाळ्याचा, त्यामुळे आता पातं सुस्त होतं. मोबदल्याचं काय झालं ते मामांनी सविस्तर सांगितलं. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, पण ऐकताना मलाच लाज वाटत होती.

नेमका तेव्हाच मित्र ओरडला, "वर बघ, वर!" कड्यावर घोळका चढत होता. मी वही मागितली, मामा देईनात. शेवटी हॉटेलच्या बिलामागे लिहिलं. मामांनी डोळ्यांवर हात धरला आणि निकाल दिला, "घारी हायेत." बऱ्याचशा घारीच होत्या. पण मधे एक थोराड, काळपट, पंखाखाली लांब पांढरा पट्टा असलेला पक्षी होता. स्टेपी गरुड, कोवळ्या वयाचा. मामांना स्कोपला डोळा लावायला लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. मग म्हणाले, "लई लांबून आलंय दिसतं." वही परत मिळाली.

पुढचा प्रश्न रोकडा होता: मोजून काय मिळतं? पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांना आमची कीव आली. मी अमेरिकेतल्या हॉक माउंटनची गोष्ट सांगितली. तिथे लोक कडेवर बसून असेच जाणारे ससाणे-गरुड गोळ्या घालून पाडायचे. 1934 साली रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेऊन शिकार बंद केली आणि मोजणी सुरू झाली. पुढे त्याच आकड्यांत दिसलं की पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची पिल्लं कमी होत चालली आहेत. डीडीटी या कीटकनाशकाविरुद्धच्या पुराव्यात ते आकडे आले, आणि 1972 मध्ये तिकडे त्या औषधावर बंदी आली.

मामांनी ऐकून घेतलं. "मंग हेबी लिव्हा," म्हणाले. मागच्या साली त्या चक्कीखाली त्यांना पंख तुटलेलं मोठं पाखरू सापडलं होतं. मला ते अशक्य वाटलं नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आणि त्यांच्या तोंडचे सरडे जास्त, असं त्यांना आढळलं. 2018 साली ते छापूनही आलं.

मग चहाला वाडीवर नेलं. निम्म्या घरांना कुलपं. मामांचे दोन कोयते, म्हणजे दोन्ही पोरं आणि सुना, आदल्याच दिवशी टोळीबरोबर कारखान्याला गेलेले. चहा मामींनी केला, त्यात दूध शेळीचं, आणि सोबत झाडावरची सीताफळं. हॉटेलांत इतका पाहुणचार मला कधी मिळालेला नाही.

दुसऱ्या दिवशी ढग, धुकट, काहीच नाही. सौताड्याचा धबधबा बघितला. गर्दी आणि सेल्फी.

पण ते नंतर. त्या दिवशी चहा पिता पिता मित्राने मामांची हकिकत शेऱ्याच्या रकान्यात लिहिली आणि पुढे कंसात टाकलं, "खात्री नाही." मामांना वाचता येतं. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलं, अन् खात्री न्हाई?" मित्र म्हणाला, तशी पद्धत असते, पुरावा नसला की असंच लिहितात. मामा म्हणाले, "आमच्या अर्जावर बी साहेबानं ह्येच लिव्हलं होतं."

मित्राने ते खोडलं नाही. मी खोडलं असतं. यावरून घाट उतरेपर्यंत आमचं गाडीत वाजलं, आणि अजून मिटलेलं नाही.