टेगर्नझेचा प्रयोग, दुसऱ्या मजल्यावर

1453 च्या शरद ऋतूत निकोलाउस कुझानुस या कार्डिनलनं बव्हेरियातल्या टेगर्नझेच्या बेनेडिक्टाइन मठाला एक चित्र आणि एक छोटं पुस्तक पाठवलं. चित्रातला चेहरा असा रंगवलेला होता, की कुठंही उभं राहा, तो तुमच्याकडेच बघतोय असं वाटावं. पुस्तक देवाच्या पाहण्याविषयी होतं, आणि त्याच्या सुरुवातीलाच त्या चित्रासमोर करायचा एक प्रयोग मठातल्या भिक्षूंना सांगितलेला आहे. तो प्रयोग आम्ही जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या आमच्या वृद्धाश्रमात केला. त्या दुपारबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी इथं नर्स आहे. नर्सिंग पुण्यात केलं, मग जर्मन शिकले, इथली परवान्याची परीक्षा दिली आणि दुसरा मजला माझ्या वाट्याला आला. सकाळच्या पाळीत अंघोळी, पायांचे घट्ट मोजे, इन्सुलिन, गोळ्या, आणि ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्यासाठी घट्ट केलेलं पाणी. एकाचं करत असताना दुसऱ्याची घंटा वाजतेच. ‘श्वेस्टर (म्हणजे सिस्टर), तुम्ही माझ्याकडे बघतच नाही’ हे वाक्य रोज कुणाकडून तरी ऐकावं लागतं, आणि ते खोटं नसतं.

मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. आयुष्यभर शाळेत लॅटिन शिकवलं. ऐंशी कधीच ओलांडली आहे, पार्किन्सन्समुळे हात थरथरतात, पण भिंग घेऊन वाचन चालू असतं. मी मनातल्या मनात त्यांना मास्तर म्हणते. कुझानुस त्यांच्याकडूनच कळला. मोझेलकाठच्या कूस गावात 1401 मध्ये जन्मलेला नावाड्याचा मुलगा. हायडेलबर्गला आणि मग इटलीत पादुआला शिकला, चर्चच्या कायद्याचा पंडित झाला, पुढं कार्डिनल आणि ब्रिक्सेनचा बिशप. घराण्याचं नाव क्रेब्स, म्हणजे खेकडा. कार्डिनल झाल्यावरही त्याच्या कुलचिन्हाच्या ढालीवर लाल खेकडा कायम राहिला. मास्तरांना याचं फार कौतुक आहे.

एका सुट्टीच्या दिवशी व्हीलचेअरच्या गाडीनं मी त्यांना कूसला घेऊन गेले. कुझानुसनं आपली सगळी मिळकत घालून तिथं उभारलेलं सेंट निकोलाउस हॉस्पिटल अजून आहे, आणि आजही तिथं म्हातारी माणसं राहतात. माझ्या पेशामुळे मला पुस्तकांआधी तेच बघायचं होतं. 1458 च्या दानपत्रात 33 गरीब पुरुषांची सोय केलेली आहे, ख्रिस्ताच्या वयाइतकी. वय पन्नासच्या वर हवं. त्यात 6 धर्मगुरू, 6 सरदार घराण्यातले आणि 21 साधी माणसं. खर्चासाठी द्राक्षमळे लावून दिलेले. साडेपाचशे वर्षांत या भागातून किती सैन्यं गेली, किती राजवटी बदलल्या, तरी तिथं वेळेवर जेवण वाढलं जातंय, हे मला कुठल्याही तत्त्वज्ञानापेक्षा मोठं वाटलं. कुझानुस 1464 मध्ये इटलीत तोदीला वारला. देह रोममध्ये पुरला, पण हृदय इथल्या चॅपलमध्ये आणलं. त्याच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितांमध्ये माइस्टर एकहार्ट या जर्मन गूढवाद्याच्या लॅटिन लेखनाची प्रत आहे, 1444 मध्ये मुद्दाम करवून घेतलेली, आणि तिच्या समासात खुद्द कुझानुसच्या हातची टिपणं. एकहार्टची 28 विधानं पोप जॉन बाविसाव्यानं 1329 मध्ये दोषी ठरवली होती. अशा माणसाचं लेखन जपून ठेवायचं, त्यावर टिपणं करायची, आणि त्याच वेळी लिहून ठेवायचं की ही पुस्तकं सामान्य लोकांच्या हाती पडू नयेत: कुझानुसनं दोन्ही केलं.

येताना गाडीत मास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मे 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं. त्यानंतर काही महिन्यांत कुझानुसनं धर्माधर्मांतल्या शांततेवर एक संवाद लिहिला. निरनिराळ्या देशांचे शहाणे लोक स्वर्गात जमतात आणि वाद मिटवतात, अशी कल्पना. ग्रीक, अरब, ज्यू, पर्शियन, तुर्क. ‘आणि तुमच्याकडचा एक हिंदी माणूस,’ मास्तर म्हणाले. ‘तो विचारतो, मूर्तींचं काय करायचं?’ त्याला उत्तर मिळतं, की खऱ्या देवाकडे नेणाऱ्या प्रतिमा चालतील, दूर नेणाऱ्या मोडाव्यात. माझ्या आईच्या देवघरातल्या पितळी बाळकृष्णाचा निकाल पंधराव्या शतकात कोण लावत होतं, ते तेव्हा कळलं. मास्तरांनी हेही लपवलं नाही, की याच माणसानं 1451 मध्ये पोपचा दूत म्हणून जर्मन प्रदेशात फिरताना ज्यूंनी कपड्यांवर खूण लावलीच पाहिजे असा हुकूम काढला होता. नाझी काळाच्या सावलीत वाढलेल्या मास्तरांच्या पिढीचा माणूस हे वाक्य कसं बोलतो, ते समोर बसून ऐकायला हवं. नंतर बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही.

आता प्रयोग. टेगर्नझेला गेलेलं चित्र आज कुठंच नाही. मास्तरांकडे यान फान आइक या त्याच काळातल्या चित्रकाराच्या ख्रिस्तमुखाची मोठी छापील प्रत होती. मूळ चित्र हरवलेलं आहे, पण जुन्या नकला उरल्या आहेत. 1438 साल घातलेली त्यातली एक बर्लिनला आहे. अगदी समोरून काढलेला चेहरा, डोळे सरळ तुमच्यावर. दुपारची उबरगाबं, म्हणजे पाळी बदलताना द्यायची माहिती, संपवून मी घरी न जाता थांबले. खालच्या मजल्यावरच्या जेवणघराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर चित्र टांगलं, कारण पुस्तकात उत्तरेची भिंत सुचवली आहे. कॉफी आणि केकची वेळ होती, त्यामुळे बरीच मंडळी आपोआप जमली.

पहिली पायरी सोपी. सगळ्यांनी चित्रापासून सारख्या अंतरावर अर्धवर्तुळात बसायचं आणि चित्र कुणाकडे बघतंय ते सांगायचं. प्रत्येकजण म्हणाला, माझ्याकडे. थोडं हसणं झालं. दुसरी पायरी: एकानं पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचं. नजर सोबत येते. तीही पार पडली.

तिसऱ्या पायरीला दोन माणसं लागतात. एकानं पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि दुसऱ्यानं पश्चिमेकडून पूर्वेकडे, चित्रावर नजर ठेवून चालायचं आणि मग एकमेकांना विचारायचं. एक जण आमच्याकडचे आजोबा, मोझेलवरच्या मालवाहू नौकांवर जन्मभर काम केलेले. दुसऱ्या आजी. त्यांची पूर्वी बेकरी होती. आजींना स्मृतिभ्रंश आहे आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे संशय. पाकीट चोरलं, चष्मा चोरला, गोळीत काहीतरी घातलंय. रोज सकाळी त्या गोळी जिभेखाली धरून ठेवतात आणि माझी पाठ वळली की रुमालात थुंकतात. आजोबांनी खिडकीजवळची त्यांची खुर्ची बळकावली, असंही त्यांचं म्हणणं होतं. त्या दोघांना एकत्र चालवायचं माझ्या मनात नव्हतं. पण मास्तरांनी ‘कोण?’ विचारलं आणि आजी रोलाटोर, म्हणजे धरून चालायची चाकांची गाडी, धरून उभ्या राहिल्या.

दोघं निघाले. रोलाटोरच्या चाकांचा आवाज, दोघांच्याही माना चित्राकडे वळलेल्या. मधोमध एकमेकांसमोर आल्यावर आजी थांबल्या.

‘तो माझ्याबरोबर येतोय,’ त्या म्हणाल्या.

‘नाही हो, माझ्याबरोबर,’ आजोबा म्हणाले.

‘खोटं. मी बघतेय ना.’

‘मीही बघतोय.’

आवाज चढला. मी पुढं सरसावले, तर मास्तरांनी थरथरता हात वर करून मला थांबवलं. आजींनी आपला रोलाटोर सोडला, आजोबांचा दांडा पकडला आणि त्यांच्या जागी येऊन उभ्या राहिल्या. डोळे बारीक करून चित्राकडे पाहिलं. ‘इथूनही माझ्याकडेच बघतोय,’ त्या म्हणाल्या. पुन्हा आपल्या जागी गेल्या. पुन्हा आल्या. आजोबांच्या डोळ्यांनी बघायचं काही त्यांना जमेना. शेवटी त्यांनी आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, बेकरीच्या गल्ल्यावर उधारी मागायला आलेल्या माणसाला न्याहाळावं तसं.

‘तुम्ही म्हणताय तर असेल,’ त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पुस्तक उघडलंच होतं. त्यांनी जी ओळ वाचली तिचा आशय असा: तो भिक्षू सोबत्याला विचारील, सोबती सांगेल की नजर माझ्यासोबतही तशीच फिरते, आणि हा त्याच्यावर विश्वास ठेवील, विश्वास ठेवला नाही तर असं घडू शकतं हे त्याला समजणारच नाही. मी त्या आजींना ओळखायला लागल्यापासून त्यांनी दुसऱ्याचं म्हणणं खरं धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांचं नाही, मुलीचं नाही, माझं तर नाहीच.

टेगर्नझेच्या भिक्षूंनी कुझानुसला विचारलं होतं, की बुद्धीनं न जाणता केवळ प्रेमानं देवापर्यंत पोचता येतं का. आग्सबाखचा विन्सेंट नावाचा एक कार्थुसियन संन्यासी ठासून सांगत होता, की येतं. कुझानुसचं मत असं, की ज्याला आपण मुळीच ओळखत नाही त्याच्यावर प्रेम कसं करणार? पण ते ओळखणंही शेवटी आपल्या अज्ञानाची जाणीव होण्यापर्यंतच जातं. विद्वानांचा हा वाद त्यानं युक्तिवादानं सुरू केला नाही. आधी माणसांना उठवून चालायला लावलं आणि शेजाऱ्याला विचारायला लावलं. मला हा त्याच्या डोक्याचा सगळ्यात मोठा पराक्रम वाटतो.

मग मास्तरांच्या मनात आलं, की ज्या खाली येऊ शकत नाहीत त्यांनाही दाखवू. कोपऱ्याच्या खोलीत एक आजी कायम अंथरुणावर असतात, पण बुद्धी अगदी लख्ख. विचारलं, त्या हो म्हणाल्या. पलंगाच्या पायथ्याशी चित्र उभं केलं. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि मान फिरवली.

‘श्वेस्टर, ते भिंतीकडे तोंड करून ठेवा.’

मी लगेच फिरवलं. काय झालं, असं मास्तरांनी हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, लहानपणी शाळेत नन्स सांगायच्या, देव सगळं बघतो, पांघरुणाखालचंसुद्धा. ‘मी सात वर्षांची होते. तो मला कधीच प्रेमानं बघत नव्हता. पकडायला बघायचा.’

मास्तरांनी कुझानुसचं सहावं प्रकरण सांगून पाहिलं. त्यात म्हटलंय, की जो प्रेमानं बघतो त्याला तो चेहरा प्रेमळ दिसतो, जो रागानं बघतो त्याला रागीट. तरुणाला तरुण, म्हाताऱ्याला म्हातारा. सिंहाला देवाचा चेहरा दिसला असता तर तो सिंहाचाच दिसला असता. ते प्रकरण मलाही फार आवडतं. पण अंथरुणातल्या आजींनी ते ऐकून एवढंच विचारलं, ‘म्हणजे चूक माझीच?’

मास्तर गप्प झाले. त्यांच्यासारख्या माणसाकडे देण्यासारखी उत्तरं पुष्कळ होती. त्यांनी एकही दिलं नाही. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘मी विचारलं, तुम्ही सांगितलंत. खालच्या मजल्यावर जो नियम होता तोच इथं.’ आणि मला चित्र बाहेर न्यायला सांगितलं.

त्या दिवशी इतकी वर्षं ज्या कामात आहे त्यातली एक गोष्ट माझ्या नीट ध्यानात आली. आमच्याकडे निरीक्षण नोंदवायला संगणकात रकाने आहेत: झोप, भूक, त्वचा, मूड. आम्ही दिवसभर माणसांकडे बघत असतो, रात्री दार किलकिलं करून बघतो, आणि त्याला काळजी म्हणतो. आत झोपलेल्या माणसाला ती नजर कशी लागते, हे मी फारच थोड्या जणांना विचारलं होतं. त्या आजींच्या खोलीत आता रात्रीची पाळीवाली दार वाजवल्याशिवाय डोकावत नाही. ते मी त्यांच्या देखभालीच्या आराखड्यात लिहून घेतलं. बेकरीवाल्या आजींनी दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी थुंकली, आणि खुर्चीवरून भांडणही केलं.

चित्र मास्तरांच्या खोलीत परत गेलं. ते पुस्तक आम्ही जर्मन भाषांतरातून थोडं थोडं वाचतो, अडलं तर ते लॅटिन बघतात. मध्यंतरी मी त्यांना जरा भीतभीतच विचारलं, की शेजाऱ्याला विचारा आणि त्याच्यावर विश्वास ठेवा असं भिक्षूंना सांगणाऱ्या माणसानं ज्यूंना विचारलं होतं का? त्या शांततेच्या संवादात तर एक ज्यूही बोलतो ना?

मास्तरांनी तो संवाद मागवला, बारावं प्रकरण काढलं आणि भिंग धरून मला वाचून दाखवलं. तिथं लिहिलंय, की ज्यूंनी विरोध केला तरी एकमताला अडथळा येणार नाही, कारण ते थोडे आहेत आणि शस्त्रांच्या जोरावर साऱ्या जगाला त्रास देऊ शकणार नाहीत. मास्तरांनी ते वाक्य लॅटिनमध्ये एकदा आणि जर्मनमध्ये एकदा वाचलं.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘त्यांना विचारलं नाही. मोजलं.’