प्राध्यापकांना युनियन कशाला लागते?

चवथीच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या आमच्या घरी आम्ही माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास, बांधत होतो. दीर वर स्टुलावर, मी खालून एकेक वस्तू देतेय, नारळांचा घड झाला, सुपारीचं शिपटं झालं, आणि माझा फोन काही थांबेना. ग्रुपवर आमची लेक्चर बेसिसवाली, म्हणजे घेतलेल्या लेक्चरमागे पैसे मिळणारी, मंडळी विचारत होती की मॅडम बिलं पुढे गेली का, चवथीआधी पैसे जमा होतील का. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा दीर वरूनच म्हणाले, "वहिनी, एक विचारू? तुम्हा प्राध्यापकांना युनियन कशाला लागते हो? पगार बरा, मे महिन्याची सुट्टी, चवथीची सुट्टी. युनियन म्हणजे बार्जवाले, खाणीवाले, कदंबच्या सरकारी बसचे ड्रायव्हर. तुमचं काय?"

हा प्रश्न मला नवा नाही. शेजारच्या काकूंनी विचारलाय, म्हापशाच्या बाजारात भेटलेल्या जुन्या वर्गमैत्रिणीने विचारलाय, एकदा तर माझ्याच तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारला. दरवेळी घाईत काहीतरी बोलून मी पुढे जाते. म्हणून आज नीट लिहितेय.

पगार बरा, हे खरंच आहे, ते मी नाकारणार नाही. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचा बेसिक ५७,७०० पासून सुरू होतो, त्यावर डीए वगैरे. २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एनपीएस म्हणजे नवी पेन्शन योजना आहे, तो विषय वेगळा. पण हा ५७,७०० चा आकडा ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं की कॉलेजात शिकवणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. आमच्या स्टाफरूममध्ये या आणि मोजा. एकाच टेबलावर डबा उघडून बसलेल्या आठ जणांत रेग्युलर किती, कॉन्ट्रॅक्टवर किती, लेक्चर बेसिसवर किती. सगळ्यांचं शिक्षण तेच, नेटची परीक्षा झालेली, बऱ्याच जणांची पीएचडीसुद्धा, वर्गात शिकवतात तेही तेच, पेपर तपासतात तेही तेच. मुलांना तर फरक कळतही नाही, त्यांच्यासाठी सगळे सर आणि मॅडम.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की कॉन्ट्रॅक्टवर माणसं अगदीच गरज असेल तेव्हाच घ्यावीत, एकूण जागांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि त्यांना रेग्युलर असिस्टंट प्रोफेसरच्या महिन्याच्या एकूण पगारापेक्षा कमी देऊ नये. गेस्ट म्हणून येणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये यूजीसीनेच दर ठरवला, लेक्चरला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,०००. कागदावर हे सगळं आहे. पण लेक्चर झालं तर पैसे, या एका ओळीचा अर्थ काय होतो ते घरात बसून कळत नाही. जुलैत रेड अलर्ट आला, कॉलेज बंद, त्या दिवसाचे पैसे गेले. परीक्षा सुरू झाली, लेक्चरं नाहीत, पैसे नाहीत. मे महिना अख्खा कोरडा. आणि जूनमध्ये परत बोलावतील की नाही हे जून उजाडल्यावरच कळणार.

माझ्या एका सहकारी मैत्रिणीची गोष्ट सांगते, तिचं नाव आणि कॉलेज सांगणार नाही. सहा वर्षं लेक्चर बेसिसवर शिकवत होती, दर जूनमध्ये नवा इंटरव्ह्यू, दर जूनमध्ये त्याच सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स. सातवा महिना लागला तेव्हा तिने ऑफिसमध्ये विचारलं की माझ्या रजेचं काय, तर उत्तर मिळालं की तुम्हाला रजा लागूच होत नाही, तुम्ही यायचं थांबवा, पुढे गरज लागली तर बघू. ती कोणाशी भांडली नाही. माझ्याकडे आली तीसुद्धा तक्रार करायला नाही, तिच्या वर्गाचा पोर्शन कुठवर झालाय ते सांगायला, म्हणजे मुलांचं नुकसान नको. वही घेऊन आली होती, कुठल्या मुलाला काय जमत नाही तेसुद्धा लिहून ठेवलेलं. मी ती वही घरी आणली आणि रात्री खूप वेळ झोप लागली नाही.

आम्ही संघटनेतर्फे पत्र दिलं. मॅटर्निटी बेनिफिटचा कायदा होता, २०१७ पासून त्यात २६ आठवड्यांची पगारी रजा होती, ती त्यात कशी बसते ते सगळं मांडलं. रजेचे पैसे मिळाले नाहीत, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुढच्या जूनमध्ये तिला परत बोलावलं, एवढंच झालं. पण ते पत्र तिने एकटीने दिलं असतं तर तिला बोलावलं असतं का? मला नाही वाटत. आणि म्हणूनच तिने ते दिलं नसतं.

दीरांना मी हेच सांगायला हवं होतं. ज्याची नोकरी पक्की आहे त्याला बोलता येतं. ज्याची नोकरी दर जूनला नव्याने मागावी लागते त्याला बोलता येत नाही, आणि सोसायचं नेमकं त्यालाच असतं. मग त्याचं कोण बोलणार? माझ्यासारख्या, जिला काढणं सोपं नाही, तिनेच बोलायला हवं ना.

आता युनियन म्हटलं की लोकांना मोर्चा दिसतो, पणजीचं आझाद मैदान, घोषणा. तेही कधीतरी होतं. पण आमचं नव्वद टक्के काम म्हणजे कागद वाचणं. पर्वरीच्या सरकारी ऑफिसातून सर्क्युलर निघतं, ते इंग्रजीत, चार पानं, तिसऱ्या पानावर एका ओळीत मुद्दा लपलेला. ते वाचायचं, सोप्या भाषेत पाच ओळी लिहायच्या आणि ग्रुपवर टाकायच्या: कोणाला लागू, शेवटची तारीख कधी, कुठला फॉर्म, कोणाची सही. हे काम मी गेली काही वर्षं करतेय आणि मला ते मनापासून आवडतं, कारण अर्ध्या अडचणी माहिती वेळेवर न पोचल्यामुळे होतात. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात ती १० टक्क्यांची मर्यादाच काढून टाकलेली होती. पेपरात चर्चा झाली ती कुलगुरूंच्या निवडीची, ती महत्त्वाची आहेच, पण आमच्या स्टाफरूमसाठी ही गाळलेली ओळ जास्त मोठी होती. हरकती पाठवायला आधी ५ फेब्रुवारीपर्यंत मुदत होती, मग ती २८ पर्यंत वाढली, आम्ही तीन संध्याकाळी बसून हरकती लिहिल्या आणि पाठवल्या. असल्या कामाचा फोटो निघत नाही.

दुसरं काम म्हणजे प्रमोशनच्या फायली. कॅस म्हणतात आम्ही त्याला, करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम. पीएचडी असेल तर चार वर्षांनी पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जाता येतं, ही ११ वी लेव्हल ६८,९०० पासून सुरू होते, त्यासाठी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्स, दरवर्षीचा रिपोर्ट असं सगळं लागतं. माझी स्वतःची फाईल एका सर्टिफिकेटवरून परत आली, ते दिलं तर दुसऱ्या कारणाने परत आली, असं करत पावणेतीन वर्षं गेली. मी सुट्टी काढून जायचे आणि खिडकीवर उत्तर ठरलेलं, "फाल्यां येयात," म्हणजे उद्या या. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. मग आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरी सरांनी एक साधी गोष्ट केली. वहीत रेघा मारून तक्ता केला, कोणाची फाईल कधी गेली, कुठल्या टेबलावर आहे, काय शेरा मारलाय. बावीस नावं निघाली. बावीसपैकी चौदा फायलींवर तोच शेरा! म्हणजे चूक माझी नव्हती, चौदा जणांची मिळून एकच अडचण होती आणि प्रत्येक जण ती आपापली समजून घरी नेत होता. तो तक्ता घेऊन पाच जण गेले, साहेबांनी तो शांतपणे वाचला, आणि दीड महिन्यात फायली हलल्या. त्या दिवसापासून मी संघटनेची वर्गणी कधी चुकवली नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर ती गोष्ट गोव्याचीच आहे, पण आमच्या शिक्षकांनाही फारशी माहीत नसते. करंझाळेच्या एका शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ मध्ये कामावरून काढलं. ती औद्योगिक विवाद कायद्याखाली दाद मागायला गेली, ते प्रकरण चढत चढत सुप्रीम कोर्टात पोचलं आणि जुलै १९८८ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं की शाळा ही त्या कायद्याप्रमाणे इंडस्ट्री आहे, पण शिक्षक हा वर्कमन, म्हणजे कामगार, नाही, कारण शिकवणं हे अंगमेहनतीचं किंवा कारकुनी काम नाही, ते एक उदात्त व्रत आहे. म्हणजे त्या कायद्याखाली त्याच शाळेतला क्लार्क लेबर कोर्टात जाऊ शकत होता, शिक्षिका जाऊ शकत नव्हती. व्रत आहे हे मी मानते, वर्गात उभी राहते तेव्हा मला तसंच वाटतं. पण व्रत करणारीलाही घरभाडं असतं, पोरांची फी असते. बार्जवाल्याला, कदंबच्या ड्रायव्हरला २०२५ पर्यंत जो कायदा हाताशी होता तो आम्हाला नव्हता, त्यामुळे उलट आम्हाला एकत्र येण्याची गरज जास्त आहे, हे दीरांना सांगायचं राहून गेलं.

ग्रॅच्युइटीचंही असंच झालं होतं. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ग्रॅच्युइटीच्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत. तो खटला अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने लढवला होता आणि ती हरली. पण गोष्ट तिथे थांबली नाही, २००९ मध्ये संसदेने कायदाच बदलला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला, मग खाजगी शाळा त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २०२२ मध्ये हरल्या. आज एखादी शिक्षिका रिटायर होताना ग्रॅच्युइटीचा चेक घेते त्यामागे ही एवढी वर्षं आहेत.

संपाबद्दल विचारतात, मुलांचं काय म्हणून. विचारायलाच हवं. महाराष्ट्रात २०१३ मध्ये प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता, ७१ दिवसांच्या पगाराचा प्रश्न पुढे कोर्टात गेला, आणि मुलांचे रिझल्ट लटकले ते वेगळंच. मला परीक्षेला हात लावणं पटत नाही, आमच्या मीटिंगमध्ये मी हे दोनदा उभं राहून बोललेय आणि काही जण माझ्यावर नाराजही झाले. आम्ही काळ्या फिती लावून शिकवलंय, सुट्टीच्या दिवशी धरणं धरलंय. त्याने दबाव कमी पडतो हे मान्य, पण पेडण्याहून दोन बस बदलून येणारी मुलगी माझ्या पगारासाठी वर्ष घालवणार असेल तर मला तो पगार नको.

खरं सांगायचं तर सगळ्यात मोठं भांडण बाहेर नाही, आमच्या आतच झालं. लेक्चर बेसिसवाल्यांना सभासद करून घ्यायचं की नाही. आमच्यातलेच रेग्युलर लोक म्हणाले, ते आज आहेत उद्या नाहीत, वर्गणी कशी घेणार, मत कसं देणार. मी म्हटलं वर्गणी नावापुरती ठेवा, मत पूर्ण द्या. दोन वर्षं हा विषय मीटिंगच्या शेवटी यायचा आणि चहा आला की संपायचा. शेवटी या जूनमध्ये ठराव झाला, थोड्या मतांनी का होईना.

चवथ झाल्यावर पहिल्याच शनिवारी मीटिंग होती. ती वहीवाली मैत्रीण आली, तिचा लहानगा कडेवर. सभासदाचा फॉर्म घेतला, सगळा भरला, आणि सहीपाशी पेन थांबलं. मला हळूच विचारलं, "मॅडम, ही यादी ऑफिसला जाते का?" मी सांगितलं, यादी माझ्या कपाटात राहते, निवेदनावर सह्या आमच्या. तिने लहानग्याला माझ्याकडे दिलं आणि सही केली.