९/६ शेवटी ९९.५४ वर आलं, आणि चोर फुल हाऊस नव्हताच

मागच्या अपडेटमध्ये रडून गेलो होतो की माझा सॉल्व्हर (व्हिडिओ पोकरमध्ये वाटलेल्या पाच पानांतली कुठली धरायची, कुठली बदलायची आणि तसं खेळून लावलेल्या पैशातले सरासरी किती टक्के परत येतात, म्हणजे रिटर्न, ते काढणारा माझा प्रोग्रॅम) ९/६ जॅक्स ऑर बेटरला ९८.३७ टक्के देतोय, यायला हवं ९९.५४. (जॅक्स ऑर बेटर म्हणजे निदान गुलामांची जोडी आली तरच पैसे; ९/६ म्हणजे फुल हाऊसला, तीन सारखी पानं आणि एक जोडी, ९ पट आणि फ्लशला, पाचही पानं एकाच सूटची, ६ पट.) तर काल रात्री पावणेदोनला ९९.५४३९ आलं!! एकटाच चहा करून प्यायलो, कारण घरात जागं कुणी नव्हतं आणि असतं तरी ऐकून घेतलं नसतं.

आता चूक काय होती ते सांगतो, हसायचं नाही. ८/६ टेबलचा रिटर्न ९८.३९ आहे हे तुम्हाला माहितीच आहे, मग ९८.३७ बघितल्यावर डोक्यात दुसरं काय येणार, फुल हाऊसला ९ च्या जागी ८ मिळतायत कुठेतरी. वरचा ०.०२ चा फरक राउंडिंगचा असेल म्हणून सोडून दिला. अरे पण मी सिम्युलेशन करतच नाहीये, सगळे २५,९८,९६० हात मोजतोय (बदाम-इस्पिक वगैरे सूट सारखे धरून १,३४,४५९), त्यात राउंडिंग येईलच कुठून? हे सुचायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत फुल हाऊसचा कोड तीनदा नव्याने लिहिला. वाटलेल्या पाच पानांतले फुल हाऊस ३,७४४, बरोबर. फ्लश ५,१०८, बरोबर. स्ट्रेट (पाच पानं ओळीने) १०,२००, तेही बरोबर, म्हणजे एक्का-दुर्रीवालं स्ट्रेटसुद्धा पकडतोय. मोजणी चोख आणि उत्तर चुकीचं, डोक्याची नुसती मंडई.

शेवटी कंटाळून एकेक हात हाताने टाकायला लागलो. बदामचा राजा, गुलाम, दश्शी, चव्वी आणि इस्पिकची दुर्री. सॉल्व्हर म्हणतो चारही बदाम धर. मी म्हटलं थांब, इथे तर राजा-गुलाम-दश्शी धरून रॉयलच्या (एकाच सूटचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी) मागे जायचं असतं, हे झोपेतही सांगेन. कागदावर मांडलं: चार बदामांना ६०/४७ म्हणजे १.२८, आणि तीन पानांना १४९५/१०८१ म्हणजे १.३८. सॉल्व्हर मात्र तीन पानांना ०.८७ देत होता. म्हणजे अंशात ९४५. १४९५ वजा ९४५ किती? ५५०. आणि ८०० वजा २५०? तेच.

रॉयलला ८०० च्या जागी २५०! झालं असं की पे टेबल (कुठल्या हाताला किती मिळतात तो मशीनवरचा तक्ता) मी मावसभावाने लास व्हेगासहून पाठवलेल्या फोटोवरून उतरवलं होतं, त्यात पाचव्या कॉलमवर फ्लॅशचा पांढरा डाग आहे, म्हणून पहिला कॉलम घेतला, म्हटलं एका कॉइनचं आहे, पाचाने गुणलं की झालं. बाकी सगळ्या ओळी तशाच जातात, ९ चे ४५, ६ चे ३०. फक्त रॉयल २५०, ५००, ७५०, १००० आणि मग पाच कॉइनला एकदम ४,०००, म्हणजे कॉइनमागे ८००. म्हणजे मी नऊ दिवस एक कॉइन टाकून खेळणाऱ्या माणसाचा रिटर्न काढत होतो, आणि तो अगदी अचूक काढत होतो हो. चाळीस हजार हातांत एकदा येणारा रॉयल, पण रिटर्नमधले जवळजवळ २ टक्के त्याचेच.

बाकी टेबलं मग पटापट लागली. ९/५ ला ९८.४५, ८/५ ला ९७.३०, ७/५ ला ९६.१५, ६/५ ला ९५.००. फुल हाऊसचा एक आकडा उतरला की साधारण १.१५ टक्के जातात, फ्लशचा उतरला की १.१. तासाला ६०० हात, दर हाताला सव्वा डॉलर धरलात तर ९/६ वर तासाला साडेतीन डॉलरच्या आत जातात आणि ८/५ वर वीसच्या वर, मशीन दिसायला तेच, खेळही तोच.

पायथनवाली आवृत्ती कायमची बंद केली. रात्रभर पंखा घोंगावायचा, सी मध्ये तेच काम चहा उकळेपर्यंत होतं. आणि ते लॅमिनेट केलेले स्ट्रॅटेजी कार्ड विकतात ना, माझं मत विचाराल तर कुठल्या पे टेबलसाठी आहे ते छापलेलं नसेल तर घेऊच नका, वरच्या हातासारखे निर्णय टेबलप्रमाणे फिरतात.

पुढे ड्यूसेस वाइल्ड (यात दुर्री कुठलंही पान म्हणून चालते) घेणार होतो (त्याचं सगळ्यात चांगलं टेबल, फुल पे, १००.७६, बघायचंय माझ्याकडे येतं का), पण हे लिहिता लिहिता सुचलं की रॉयलचा आकडाच बदलता ठेवून उलटं विचारता येईल, किती झाला की ९/६ बरोबर १०० ला पोचतं? आत्ताच चालवून आलो, सुमारे ४,८८० कॉइन, म्हणजे क्वार्टर (पाव डॉलरच्या कॉइनच्या) मशीनवर १,२२० डॉलर. तर आता आधी प्रोग्रेसिव्ह (रॉयलचं बक्षीस वाढत जाणारी मशीन), ८/५ चा आकडा उद्या टाकतो, तो बराच मोठा दिसतोय. ड्यूसेस नंतर.

मावसभावाला मेसेज केलाय, पुढच्या वेळी फ्लॅश बंद करून फोटो काढ म्हणून. त्याने विचारलं तू स्वतः खेळणार कधी. म्हटलं आधी दुर्र्या होऊ देत.